जावयाच्या फटफटीचं तेल

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि या व्यायामशाळेचे आधारस्तंभ श्रीयुत बाबुराव मोहिते, व्यासपीठावर विराजमान असलेले चिंतामणरावांच्या कचेरीतले थोरले साहेब, मंडळाचे कार्यकर्ते, समोर दाटीवाटीनं बसलेल्या माताभगिनी, लालबाग, परळ, भोईवाड्यातून आवर्जून आलेले बंधुजन, आणि मघापासून हारांच्या भारानं ज्यांची मान वाकली आहे ते उत्सवमूर्ती, माझे जावई, श्रीयुत चिंतामणराव घाग, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी दत्ताराम तावडे. गिरगावात खोताच्या वाडीजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. बाटलीत औषध भरायचं, तिच्यावर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची आणि 'हलवून घ्या' म्हणून सांगायचं, एवढंच बोलणं मला येतं. तिथे समोर एका वेळी एकच माणूस असतो आणि तो बहुधा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो. इथे इतकी माणसं आहेत आणि घाबरलेला मी एकटाच दिसतो. हसू नका बाबुराव, हा ध्वनिक्षेपकसुद्धा मला शॉक देईल असं वाटतंय.

जावयाला आपल्यात दहावा ग्रह म्हणतात. नऊ ग्रहांची शांत करता येते, दहाव्याची कुणी सांगितलेली नाही. माझ्या पत्रिकेतला हा ग्रह मात्र पहिल्यापासून उच्चीचा निघाला. बकुळाच्या लग्नात मानपानावरून एक शब्द वर झाला नाही. चिंतामणराव ओव्हरसियर झाले, रस्त्यांची कामं बघायला लागले, पण चाळीत कुणाचं आजारपण असो की बाळंतपण, त्यांची फटफटी दारात उभी. लष्कराच्या लिलावातली ती जुनी मोटारसायकल. तिच्यावर मागे बसून हॉस्पिटलात पोचलेली किती माणसं या हॉलमध्ये असतील? नाही, हात वर करू नका. मला ते बघवणार नाही.

पुढच्या महिन्यात आपलं राज्य होतंय, मुंबईसह होतंय. त्यासाठी बाहेरच्या या रस्त्यांनी काय पाहिलं ते मी तुम्हाला सांगायला नको. नव्या राज्याच्या नव्या कामासाठी चिंतामणरावांना पुण्याला बढती मिळाली. मी स्वतः अख्ख्या दवाखान्याला पेढे वाटले. आणि तरी मला अन्न गोड लागत नाही. लेक लांब जाणार म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. ज्याच्यामुळे माझी झोप गेली ते यंत्र या क्षणी बाहेर गल्लीत झेंडूच्या माळा घालून उभं आहे.

आता सूत्रसंचालकांनी काय सांगितलं ते आपण ऐकलंत. सभा संपली की नारळ फुटणार, चिंतामणराव किक मारणार, मागे बकुळा आणि पुढे पेट्रोलच्या टाकीवर माझी नात, अशी त्यांची लालबागच्या नाक्यापर्यंत मिरवणूक. आणि उद्या पहाटे तसेच तिघं त्याच गाडीवर घाट चढून पुण्याला. आपण टाळ्या वाजवल्यात. टाळ्या मीही वाजवल्या, नाही असं नाही. मी घरून एक भाषण लिहून आणलं होतं, त्यात चिंतामणरावांच्या गुणांचं वर्णन होतं. ते मी घडी करून खिशात ठेवतो. जे बोलायचं ते त्यात नाही.

मला भीती वाटते. माझ्या घरात हा थट्टेचा विषय आहे. मी ट्राममध्ये दांडी दोन्ही हातांनी धरतो. बकुळा लहानपणापासून म्हणते, "बाबा, तुम्ही जिना उतरतानासुद्धा जिन्याला नमस्कार करता." भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असतील. त्यामुळे मी भितो याची कुणाला आता दखल घ्यावीशी वाटत नाही. लांडगा आला रे आला करणाऱ्याची जी गत तीच माझी.

पण माझी ही भीती कुठून सुरू झाली ते या चाळीतल्या लोकांना ठाऊक आहे. छप्पन्न सालची संक्रांत. बकुळाची लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणून मी हलव्याचे दागिने आणि काळी चंद्रकळा घेऊन गिरगावातून इथे आलो. मूल होईपर्यंत मुलीच्या घरी बापानं मुक्काम करू नये, पाणीसुद्धा जपून प्यावं, असं आमच्याकडे मानतात. उभ्याउभ्या दागिने देऊन परतायचं असं ठरवून आलेला माणूस मी. घरात शिरलो तर चिंतामणरावांच्या आई तापानं फणफणलेल्या. कंपाउंडरच्या हाताला गुण असतो असं त्यांचं म्हणणं, त्यामुळे त्या मला सोडीनात. 'आज जातो, उद्या जातो' करता करता मुंबई तोडल्याची बातमी आली आणि पुढचं आपण जाणता. रस्त्यावर गोळ्या, संचारबंदी, आणि मी जावयाच्या घरात अडकलेला. खालच्या पटांगणात एकदा अश्रुधुराचं नळकांडं येऊन पडलं. तेव्हापासून दर दारात पाण्याची बादली आणि ओले पंचे तयार असायचे.

मग एका सकाळी थोडा वेळ संचारबंदी उठली. आईंचं औषध संपत आलं होतं, ते आमच्या दवाखान्यातून आणायला चिंतामणराव निघाले. फटफटी जिन्याखाली बरेच दिवस तशीच उभी होती. त्यांनी इंजिनाच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत ठणठणाट. एक थेंब तेल नाही. कठड्यावरून कुणीतरी म्हणालं, "सरकारनं प्यायलं असेल." हशा झाला. चिंतामणरावांनी तेलाचा डबा उपडा करून टाकी काठोकाठ भरली आणि किक मारली.

आता इथे एक गोष्ट सांगतो, जी तेव्हा त्यांनाही माहीत नव्हती आणि मला तर कुठून असणार? या जातीच्या गाडीत तेलाची टाकी वेगळी आणि इंजिन वेगळं. गाडी चालते तेव्हा तेल टाकीतून इंजिनात जातं आणि फिरून टाकीत येतं. पण गाडी फार दिवस उभी राहिली की तेल हळूहळू झिरपतं आणि सगळं इंजिनाच्या पोटात जाऊन बसतं. टाकी रिकामी दिसते, तेल मात्र गेलेलं नसतं. म्हणून या गाडीचं तेल बघायचं ते थोडी चालवून, मग थांबवून. उभ्या गाडीचं बघून वर ओतलं तर पोटात दुप्पट तेल. भरल्या पोटी आणखी जेवण आणि वर एरंडेल, मग काय होणार ते कंपाउंडरनं सांगायला हवं का?

गाडीनं धूर ओकला. निळा-पांढरा, जाड, थांबेचना. पटांगण भरलं, जिना भरला, तिसऱ्या मजल्याचा कठडा दिसेनासा झाला. आणि कुठूनतरी हाक आली, "अश्रुधूर." झालं. बादल्या लवंडल्या, ओले पंचे तोंडावर, मुलांना काखेत मारून बायका खाली धावल्या. दाराच्या कमानीतून सगळा लोंढा रस्त्याकडे. नाक्यावर बंदूकवाले उभे होते. त्यांनी काय बघितलं? एक चाळ धुरानं भरलीय आणि आतून माणसं ओरडत अंगावर येतायत. मी त्या गर्दीत होतो. बंदुका वर झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

त्या वेळी कमानीत आडव्या उभ्या राहिल्या त्या दुर्गाबाई. त्या बघा, तिसऱ्या रांगेत. कोळीवाड्यातल्या, मासळीचा धंदा, त्या दिवशी आपल्या लेकीकडे आल्या होत्या. दोन्ही हात पसरून त्यांनी कमान अडवली आणि ओरडल्या, "डोल्यान पानी येतंय काय कुनाच्या? नाय ना? मंग पलताव कशाला? तेलाचा वास हाय ह्यो, फटफटीच्या तेलाचा." पुढच्या माणसाला त्यांनी छातीवर हात देऊन मागे ढकललं. लोक थबकले. डोळे चुरचुरत नव्हते हे एकेकाच्या ध्यानात आलं. बंदुका खाली आल्या. दुर्गाबाई, त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहिले. आज मानतो.

चिंतामणराव गाडीजवळ खाली बसले होते. मला म्हणाले, "बाबा, आज माझ्या धुरानं माणसं मेली असती." मी काहीतरी समजूत घातली. ते म्हणाले, "या गाडीतून पुन्हा धूर निघणार नाही. शब्द देतो."

त्यांनी तो शब्द आजवर पाळला. चिंतामणराव, मला त्याचीच भीती वाटते.

पाणी मिळेल का थोडं? ... आभारी आहे.

गाडी जुनी झाली. जुनी गाडी तेल खाते आणि थोडा धूर सोडते, हा तिचा स्वभाव. पण ज्या माणसानं धुरामागे बंदुका वर झालेल्या पाहिल्या त्याला थोडा धूर दिसत नाही, त्याला तो सगळा दिवस दिसतो. मग चिंतामणरावांनी काय करावं? त्यांनी तेल कमी घालायला सुरुवात केली. तेलच कमी, तर जळेल काय आणि धूर येईल कशाचा? माझ्याकडून दवाखान्याची रिकामी बाटली नेली होती, डोसाच्या पट्टीसकट. तिच्यात तेल भरून ते गाडीला डोसानं पाजतात. मी त्यांच्याकडे गेलो की माझी नजर पहिली त्या बाटलीकडे जाते. फटफटी ठाण्यापर्यंत जाऊन येते आणि बाटलीतलं तेल त्याच खुणेवर. आजाऱ्यानं औषध घेतलं नाही की कंपाउंडरला बाटलीवरून कळतं. त्यात कुणीतरी त्यांना सांगितलं, जाड तेलाचा धूर होतो, पातळ घाला. तेव्हापासून तेलही पातळ.

मग गेल्या महिन्यात बकुळा माहेरी आली ती कोपराला फडकं बांधून. "जिन्यात घसरले," म्हणाली. मी जखम धुवायला घेतली. साहेब, मी हजारो जखमा धुतल्या आहेत. जिन्यात पडलेल्याच्या जखमेत लाकडाचा भुगा असतो, माती असते, कधी शेणाचा कण. बकुळाच्या कोपरातून मी चिमट्यानं काढली ती डांबर लागलेली बारीक खडी. ती माझ्याकडे बघत होती आणि मी जखमेकडे बघत होतो. मलम लावलं, पट्टी बांधली आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीला धरून उभा राहिलो.

रात्रीच्या जेवणाला बकुळाच्या आईनं, आमच्या राधाबाईंनी, मला खरं सांगितलं. वडाळ्याला मिठागरांकडच्या रस्त्यानं दोघं येत होती. भर उन्हात गाडी चालता चालता एकदम धरल्यासारखी झाली, मागचं चाक फिरायचं थांबलं आणि फरफटलं. चिंतामणरावांनी क्लच दाबला म्हणून दोघं रस्त्याच्या कडेला आडवी झाली आणि वाचली. थोड्या वेळानं गाडी निवली आणि पुन्हा सुरू झाली. बकुळानं आईला बजावलं होतं, "बाबांना सांगू नकोस. ते घाबरतात." नात त्या दिवशी सुदैवानं बरोबर नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून रजा काढून वडाळ्याला विठोबा मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो. गाडी कुणाची ते सांगितलं नाही. 'एका ओळखीच्याची' म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुमच्याकडे ताप बघायची नळी असते ना? ती फोडली तर ताप जातो का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग हा बाबा तेच करतोय. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, म्हणून तेल वर चढून जळतं, म्हणून धूर. तेल कमी केलं की धूर जातो, मग इंजिन जातं. पातळ तेल तर झिजल्या रिंगांतून अजून वर चढतं. आपल्या या उन्हाळ्याला, अशा गाडीला, पन्नास नंबरचं जाड तेल पाहिजे, आणि टाकी रोजच्या रोज बघायला पाहिजे. धूर येऊ दे की. धूर सांगतोय तोवर बरं आहे. रिंगा बदला, मग धूरही नाही."

मी विचारलं, "आणि अशी गाडी घाटात नेली तर?"

विठोबा मिस्त्री हात पुसत होते, ते थांबले. "चढावर इंजिन तापतं. तेल नसलं की जाम होतं. आधी सांगून होत नाही. मागचं चाक जागच्या जागी अडकतं." मग त्यांनी मला विचारलं, "मागे कोण बसतं?"

आता आपण म्हणाल, तावडे, एवढं सगळं माहीत होतं तर जावयाला घरात बसवून सांगायचं होतं. भरसभेत कशाला? अहो, जावयाला सासऱ्यानं काय सांगावं आणि किती सांगावं? पाट मांडावा, पान वाढावं, 'काय हवं नको' विचारावं. तुमचं हे चुकतंय असं जावयाला तोंडावर सांगितलेला एक तरी सासरा मला या हॉलमध्ये दाखवा. तरी मी प्रयत्न केला. एकदा आमरस वाढताना म्हटलं, "जावईबापू, थोडा धूर आला तर चालतो म्हणे गाडीला." त्यांनी ताटावरून उठून मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही काळजी करू नका, धूर येणार नाही." किती आदरानं म्हणाले. मी त्यांना आणखी एक पळी आमरस वाढला. बकुळाला आगगाडीनं जा म्हटलं, तर ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही आगगाडीलाही भिता बाबा." खरं आहे. मी कशाकशाला भितो याला धरबंध नाही, म्हणून खऱ्या भीतीच्या वेळी माझ्याकडे तिला दाखवायला वेगळा चेहरा उरला नव्हता.

रोज सकाळी मला एकच दिसतं. घाटातलं वळण, बाजूला कठडा नाही, आणि टाकीवर माझी नात, दोन्ही हातांनी हँडल धरून बसलेली. तिला वाटतं गाडी तीच चालवते.

अध्यक्षमहाराज, घड्याळाकडे बघताय, मी आटोपतो. फक्त एवढं सांगून खाली बसतो, कारण ते सांगितल्यावाचून ही सभा संपता कामा नये.

आज दुपारी मंडळाची मुलं हारफुलं आणायला दादरला गेली होती, तेव्हा मी विठोबा मिस्त्रींना घेऊन इथे आलो. आता त्यांना कळलं गाडी कुणाची ते. त्यांनी इंजिनाच्या खालचा नट उघडला, टाकीही उपडी केली. सगळं मिळून जे तेल निघालं त्यानं एक तांब्या भरला नाही. काळं, आणि पाण्यासारखं पातळ. विठोबांनी बोट बुडवून ते दोन बोटांत चोळलं आणि माझ्यापुढे धरलं. आत लोखंडाची चमक होती, बारीक, चांदीच्या वर्खासारखी. "काका," ते म्हणाले, "ही गाडी पनवेलपर्यंत तरी गेली असती का, मला शंका आहे."

तर मंडळी, बाहेर जी सजवलेली गाडी उभी आहे तिच्यात आता तेलाचा थेंब नाही. किक मारली तरी ती सुरू व्हायची नाही, कारण तिचा प्लगही काढलेला आहे. हा बघा, माझ्या हातात आहे. सभा संपली की गाडी मिस्त्रींच्या गॅरेजात जाईल, तिला नव्या रिंगा बसतील, पन्नास नंबरचं तेल पडेल, आणि मग ती मालगाडीतून पुण्याला पोचेल. तोवर तिघांनी आगगाडीनं जावं. नारळ फोडायचा तर खुशाल फोडा, गाडी ढकलत मिरवा, मी पुढे होऊन ढकलतो.

चिंतामणराव, आपण मघापासून हसत होता, आता हसत नाही. सगळ्या चाळीसमोर मी आपल्याला खाली पाहायला लावलं, हे मला कळतं. सासऱ्यानं जावयाच्या वस्तूला न विचारता हात लावला, ही रीत नव्हे, हेही कळतं. आपण माझ्याशी यापुढे बोलला नाहीत, दिवाळसणाला आला नाहीत, तर ते मी सोसेन. त्या दिवशी माणसं वाचली म्हणून आपण शब्द दिलात. तो शब्द आज मी आपल्याला परत करतो. धूर येऊ द्या. धुराला या चाळीत आता कुणी पळणार नाही.

बकुळा, कोपर पदराआड झाकू नकोस. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

मंडळानं मला दोन शब्द बोलायची संधी दिली, त्याबद्दल अध्यक्षांचा, व्यासपीठावरील मान्यवरांचा आणि आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत त्याबद्दल आपला मी ऋणी आहे. बोलायची सवय नाही, कुठे अधिकउणा शब्द गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला. जे बोललो त्याची क्षमा मागतो. जे केलं त्याची मात्र मागत नाही.